डे-गाऊन

आईनं माझ्याकडं आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं ते मागच्या मोरीत, नळ सोडून. नळ चालू असला की मोरीत बोललेलं हॉलमध्ये ऐकू जात नाही, हे आमच्या घरातल्या सगळ्या बायकांना माहीत आहे. आमच्याकडं महापालिकेचं पाणी आठवड्यातून एकदा येतं, त्यामुळं घरातली खासगी बोलणीही आठवड्यातून एकदाच होतात.

"जर्मनीहून मला एक गाऊन आण," ती म्हणाली. "साधाच. पुढून बटणं, पायापर्यंत. खिसा असला तर बरं."

"गाऊन तर गुलमंडीवर ढिगानं मिळतात, आई."

"इथला कोण घालू देतंय मला?" तिनं बादली सरकवून दुसरी लावली. "फॉरेनचा असला तर कुणी काही म्हणायचं नाही."

टाकी भरली, नळ बंद झाला आणि विषयही.

गाऊन म्हणजे गळ्यापासून घोट्यापर्यंतची एक सैल सुती पिशवी. लोक तिला नाईट गाऊन म्हणतात आणि बायका ती सकाळी आंघोळ करून घालतात. वरून ओढणी टाकली की ती घराबाहेरही चालते. भाजीच्या गाडीपर्यंत, शाळेच्या बसपर्यंत, कोपऱ्यावरच्या मेडिकलपर्यंत. सिडकोतल्या आमच्या गल्लीत सकाळी दहा वाजता बघावं तर प्रत्येक फाटकात एक गाऊन उभा असतो आणि समोरच्या फाटकातल्या गाऊनशी बोलत असतो. फक्त आमच्या फाटकात साडी असायची.

बंदी मोठ्या काकांची होती. मोठे काका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. सरकारी कार्यालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळं कागदावर काय लिहिलंय याला त्यांच्या लेखी फार महत्त्व. गाऊनबद्दल त्यांचा काही राग नव्हता. त्यांचा मुद्दा नावाचा होता. "नाईट गाऊन. नावातच लिहिलंय ना, नाईट? मग दिवसा घालून हिंडायचं कामून? गावाकडची माणसं येतात घरी." फुलंब्रीकडून कुणी ना कुणी आमच्याकडं सतत येतं, दवाखान्याला, कोर्टाला, पोराच्या अ‍ॅडमिशनला, हे खरं होतं. रात्री घालावा म्हटलं तर पाणी प्यायला हॉलमधून जावं लागतं आणि हॉलमध्ये पाहुणे झोपलेले असतात. म्हणजे आमच्या घरात गाऊनला दिवसा नियमानं बंदी होती आणि रात्री नकाशानं.

एक मान्य केलं पाहिजे. मोठे काका न्यायी माणूस आहेत. पायजमा हा झोपायचा कपडा, म्हणून ते स्वतः घरात दिवसभर फुल पँट घालतात. पट्ट्यासकट. मे महिन्यातसुद्धा.

नियम त्यांचा असला तरी तो चालवायची मोठी आई, म्हणजे त्यांची बायको. तिला बोलावं लागायचं नाही. आईचा पदर डोक्यावरून सरकला की ती नुसती आईच्या डोक्याकडं बघायची. सात माणसांचा स्वयंपाक, पश्चिमेकडं तोंड असलेलं स्वयंपाकघर, गॅसच्या तीन शेगड्या आणि त्यात अंगाला चिकटणारी सिंथेटिक साडी. असे सव्वीस उन्हाळे आईनं काढले होते. दुपारी ती पदराच्या टोकानं मानेमागचा घाम पुसायची आणि तो पदर पुन्हा जागेवर पिन करायची. त्या पिनेचं भोक तिच्या सगळ्या ब्लाउजांना एकाच जागी पडलेलं होतं.

फॉरेनच्या वस्तूंचं मात्र आमच्या घरात वेगळं होतं. हॉलमध्ये काचेचं शोकेस आहे. त्यात मस्कतहून कुणीतरी आणलेलं नेलकटर, सेंटची संपलेली बाटली, कागद न काढलेला एक साबण आणि विमानात मिळालेले दोन प्लास्टिकचे चमचे आहेत. त्या वस्तू कुणी वापरत नाही आणि कुणी त्यांना नावंही ठेवत नाही. आईनं सव्वीस वर्षं ते शोकेस पुसलं होतं. तिला काय सुचलं असेल ते मला मोरीतच कळलं.

मला पाठवलं होतं कंपनीनं. शेंद्र्याच्या एका कारखान्यात मी गुणवत्ता विभागात आहे. जानेवारीत सहा आठवड्यांचं प्रशिक्षण निघालं आणि ज्या दोघांना पाठवायचं होतं त्यातल्या एकाचा पासपोर्ट संपलेला निघाला. बातमी घरात पसरली तशी प्रत्येकानं मला "काही नको गं" असं सांगितलं आणि मग सेंटचं नाव सांगितलं. मी मनात ठरवलं होतं की सगळ्यांना रोज वापरायचे कपडे आणायचे. एक तर शोकेसमध्ये जागा उरली नव्हती. दुसरं, मी आणलेलं काहीतरी कुणी वापरून वापरून जुनं करताना मला बघायचं होतं. हे मी कुणाला सांगितलं नाही. मी फारसं कुणाला काही सांगत नाही.

जर्मनीत गेल्यावर मला एक नवीन गोष्ट कळली. मला इंग्रजी येत नव्हतं.

बालवाडीपासून इंग्लिश मीडियम. घरात येणारा प्रत्येक परकीय मजकूर माझ्याकडं यायचा. औषधाच्या बाटल्या, मिक्सरचं माहितीपत्रक, विम्याची पत्रं. मला बोलायला नको वाटतं, पण वाचून दाखवणं म्हणजे बोलणं नव्हे, म्हणून ते मला जमायचं. आणि त्या चार मजली दुकानात मी अगदी स्वच्छ उच्चारात "गाऊन" हा शब्द उच्चारला, तेव्हा विक्रेत्या बाईंचा चेहरा उजळला आणि त्या मला टिकल्यांनी लखलखणाऱ्या, पाठ उघड्या, जमिनीवर लोळणाऱ्या पोशाखांपुढं घेऊन गेल्या.

"कोणता प्रसंग आहे?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"माझ्या आईसाठी आहे," मी म्हणाले. "रोजचा. स्वयंपाक करताना घालायला."

त्या माझ्याकडं बराच वेळ बघत राहिल्या. भारतात अजून राजघराणी आहेत असं त्यांना वाटलं असावं.

चूक माझ्या लक्षात आली. मी शब्दाला "नाईट" जोडला. मग त्या मला वरच्या मजल्यावर घेऊन गेल्या. तिथल्या कपड्यांत माणसापेक्षा हँगर जास्त झाकलेला होता. जाळीचा एक तुकडा काढून त्यांनी माझ्यापुढं धरला आणि म्हणाल्या, "आईसाठी?" मी "सॉरी" म्हणाले, "थँक यू" म्हणाले, पुन्हा "सॉरी" म्हणाले आणि मोज्यांच्या विभागात जाऊन उभी राहिले. तिथं कुणी काही विचारत नव्हतं. त्या धक्क्यात मी वडिलांसाठी लोकरी मोज्यांचे सहा जोड घेतले.

मोठ्या काकांचं काम सोपं होतं. कामगारांच्या कपड्यांच्या एका दुकानात बिनबाह्यांचं, राखाडी, मजबूत शिलाईचं जॅकेट दिसलं. त्याला बारा खिसे होते. चष्मा, पासबुक, गोळ्या, पेन, किल्ल्या, रुमाल, हे सगळं मोठे काका शर्टाच्या एकाच खिशात कोंबतात. मी लगेच घेतलं. दुकानाच्या भिंतीवर ते जॅकेट घातलेल्या माणसाचा मोठा फोटो होता. तो सिंकखाली उताणा पडून पाइप बसवत होता. मी फोटोकडं पाठ करून पैसे दिले.

गाऊन मिळाला शेवटच्या शनिवारी, गावातल्या चर्चसमोरच्या आठवडी बाजारात. करमाडच्या बाजारात जसे एका पालात परकर, बनियन आणि पंचे एकत्र टांगलेले असतात, तसाच एक ठेला होता आणि त्यामागं लोकरीची टोपी घातलेली एक म्हातारी. तिच्या डोक्यावर, दांडीला, तो लटकत होता. गळ्यापासून घोट्यापर्यंत. पुढून बटणं. उजव्या बाजूला खिसा. फिक्या निळ्यावर बारीक गडद निळी फुलं. मी इतक्या जोरात बोट दाखवलं की म्हातारी दचकली.

तिला इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळं आमचं छान जमलं. ती आईच्याच अंगाची होती. तिनं तो स्वतःच्या अंगाला लावून दाखवला, गोल फिरली आणि हसली. मग माझ्या हातात कापड दिलं. मऊ होतं, केसाळ आणि जाड. थंडीचं कापड, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण बाहेर बर्फ भुरभुरत होता आणि माझ्या अंगावर तीन थर होते. अशा वेळी माणसाला सिडकोतलं ऊन आठवत नाही. "दिवसा?" असं मी खुणेनं विचारलं, आकाशाकडं बोट करून. तिनं नाही अशी मान हलवली, दोन्ही तळवे जोडून गालाखाली धरले आणि डोळे मिटले. झोपायचा. त्यात संशयाला जागा नव्हती.

मी दोन घेतले. एक आईला आणला आणि मोठ्या आईला नाही, असं आमच्या घरात करता येत नाही. जावांना आणायचं तर सारखंच आणायचं. रंगात फरक नको, फुलांत फरक नको, नाहीतर तो फरक पुढच्या पिढीपर्यंत जातो.

बॅग उघडण्याचा कार्यक्रम हॉलमध्ये झाला. मोठे काका मधल्या खुर्चीत, चष्मा लावून. वडिलांनी मोजे घेतले, "छान आहेत" म्हणाले आणि पेपर वाचायला लागले. माझे वडील घरातल्या कुठल्याही प्रश्नावर पेपर वाचतात. मोठ्या काकांनी जॅकेट तिथंच अंगात घातलं आणि बाराही खिशांत एकेकदा हात घालून बघितला.

"ह्याला म्हणतात शिलाई," ते म्हणाले. "तिकडं कोण घालतं हे? हापिसर लोक?"

"अनुभवी लोक," मी म्हणाले.

मग गाऊन निघाले. मोठी आई आईकडं बघत होती आणि आई फरशीकडं. मोठ्या काकांनी एक गाऊन दोन बोटांनी खांद्याला धरून उचलला.

"हे काय आणलंस? हा नाईट गाऊनच झाला की."

आईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. तेवढंच मला दिसत होतं. घट्ट गुंडाळलेलं, पांढरं पडलेलं ते बोट.

"नाही, मोठे काका," मी म्हणाले. "हा नाईट गाऊन नाही. डे-गाऊन आहे."

"डे?"

"दिवसाचा. तिकडं वयस्कर बायका दिवसभर हाच घालतात."

"असा असतो व्हय प्रकार?" त्यांनी गाऊन उलटा केला आणि मानेमागचं लेबल चष्म्याजवळ नेलं. "लिहिलंय का तसं? बघ बरं, वाच."

लेबलावर जर्मन भाषेत तीन ओळी होत्या. सहा आठवड्यांत मला एवढं कळायला लागलं होतं की पहिल्या ओळीत तीस अंशाला धुवा असं लिहिलंय आणि शेवटच्या ओळीत आगीपासून दूर ठेवा. मी लेबल हातात घेतलं. मला इंग्लिश मीडियममध्ये घालायचा निर्णय मोठ्या काकांचाच होता. फॉर्म आणायलाही तेच गेले होते. मी सावकाश, शब्दाशब्दावर थांबत वाचून दाखवलं.

"दिवसा... घरकाम करताना... वापरण्यासाठी."

"मग तसं सांग ना," मोठे काका म्हणाले आणि गाऊन आईच्या हातात दिला.

मोठ्या आईनं आपला गाऊन प्लास्टिकच्या पिशवीसकट उचलला. "मला काय करायचंय असलं," असं म्हणत ती तो कपाटात ठेवून आली. कपाटाची किल्ली फिरल्याचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी आई निळ्या फुलांच्या गाऊनमध्ये स्वयंपाकघरात आली. तिचा उजवा हात खिशात होता. खिशात काही नव्हतं, नुसता हात. दिवसभर कामातून मोकळी झाली की ती हात खिशात घालून उभी राहायची, दारात, ओट्याजवळ, गच्चीच्या पायरीवर. आठवडाभरात त्या खिशात फोन, पिना, शेंगदाण्याच्या लाडवाचं अर्धुक आणि कोथिंबिरीची जुडीही जायला लागली. फाटकात पहिल्यांदा ओढणी टाकून गेली तेव्हा समोरच्या गाऊननं विचारलं, "वैनी, आज परवानगी मिळाली का?" आई म्हणाली, "जर्मनीचा आहे." आणि गाडीवरची वांगी निवडायला लागली.

मग मार्च आला.

सिडकोतला मार्च ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. पंधरा तारखेपासून सकाळी अकराला गच्चीवर अनवाणी उभं राहता येत नाही. त्यात आईच्या अंगावर बर्फातलं कापड. साडीत तिला जेवढं उकडायचं त्याच्या दुप्पट आता उकडत होतं. घाम त्या केसाळ कापडात जिरायचा आणि गाऊन दुपारपर्यंत ओल्या घोंगडीसारखा जड व्हायचा. रोज धुवायचा, वाळवायचा, पुन्हा तोच घालायचा.

"आई, चार दिवस साडी नेस की," मी म्हटलं.

"चार दिवस नेसले की पाचव्या दिवशी कोण विचारणार? उकडतं म्हणून सोडला, असंच धरतील."

"मग गुलमंडीवरून सुती आणू."

"तो नाईट गाऊन," ती म्हणाली.

माझाच शब्द माझ्यावर उलटला होता. मी परवानगी मिळवली होती ती गाऊनला नव्हे, डे-गाऊनला. आणि सगळ्या जगात डे-गाऊन दोनच होते. एक आईच्या अंगावर आणि एक कपाटात.

भिंतीपलीकडच्या खाला गल्लीभरच्या बायकांचे कपडे शिवतात. कापड त्यांना लांबूनच कळतं. त्यांनी एकदा आईला फाटकात पाहिलं आणि मशीन सोडून बाहेर आल्या.

"बुखार है क्या गे तेरे कू?"

"नहीं आपा. कामून?"

"ये तो ठंडी का कपड़ा है!"

"फॉरेन का है, आपा."

"फॉरेन में ठंडी रैती. यहाँ कायकू जान दे रई?"

आई हसली आणि आत आली. स्वयंपाकघरात तिनं मानेला पावडर लावली. एप्रिलमध्ये पावडरचा डबा आठवड्यात संपायला लागला.

मोठ्या काकांचं मात्र मतपरिवर्तन पूर्ण झालं होतं. फुलंब्रीहून आलेल्या एका मावशींनी आईकडं बघून विचारलं, "वैनी, हे काय वो? दवाखान्यातून आल्या व्हय?" तेव्हा आईच्या आधी मोठे काकाच बोलले. "नाय नाय. जर्मनीचं हाय. डे-गाऊन म्हणतात त्याला. तिकडच्या बायका दिवसभर घालतात." बारा खिशांचं जॅकेट घालून, प्रत्येक खिशात एक वस्तू ठेवून, ते हे सांगत होते. त्याच जॅकेटमध्ये ते एका लग्नालाही जाऊन आले होते. आहेर देताना पाकीट सातव्या खिशात सापडलं. हे जॅकेट तिकडं प्लंबर घालतात, हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं. आज उपयोगी पडेल असं ते नव्हतं.

मोठी आई आईच्या गाऊनकडं बघायची, पण आता ते डोक्याकडं बघण्यासारखं बघणं नव्हतं. मला एक वेगळीच गोष्ट दिसायला लागली होती. मोठी आई दुपारी जेवण झाल्यावर खोलीची कडी लावून तासभर झोपते. उठून बाहेर आली की तिच्या गडद साडीच्या खांद्यावर, कधी केसांत, बारीक निळसर लव चिकटलेली असायची. त्या कापडाची लव सुटत होती. आईच्या सगळ्या धुण्यात ती पसरलेली होती, म्हणून मला ओळखू आली. म्हणजे म्हातारीनं खुणेनं सांगितलं होतं तसा, अगदी बरोबर, झोपण्यासाठी, तो गाऊन आमच्या घरात एकच बाई वापरत होती आणि तीही भर दुपारी, कडी लावून. मी कुणाला बोलले नाही.

एप्रिलच्या शेवटी गावाकडचे सहा जण एकदम जेवायला आले. आई सकाळपासून शेगडीपुढं होती. लाइट गेली, पंखा थांबला आणि पुऱ्या तळता तळता आई ओट्याला धरून खाली बसली. कढईखालचा गॅस मी बंद केला. मोठी आई धावत आली. तिनं आईच्या गळ्याजवळची तीन बटणं सोडली आणि तिचा हात तसाच थांबला. गळ्यापासून खाली, जिथवर दिसत होतं तिथवर, घामोळ्यांनी कातडी लाल, खरबरीत झालेली होती. मधेमधे नखांचे ओरखडे.

"अगं माय!" मोठी आई म्हणाली. "हे काय करून घेतलंस? आणि रोज हाच घालायलीस? साडी नेसाय काय झालं होतं?"

आई पाणी प्यायली. "एकदा नेसले की संपलं, ताई."

ओल्या फडक्यानं मोठ्या आईनं आईची मान पुसली, मग पुन्हा पुसली. तिच्या खांद्यावर निळी लव होती. आईनं ती पाहिली. मी आईला पाहताना पाहिलं. आईनं हात उचलला आणि दोन बोटांनी ती लव काढून टाकली, जाऊबाईंच्या अंगावरचा एखादा केस काढावा तशी.

"उद्या गुलमंडीवर जायचं," मोठी आई म्हणाली. मग माझ्याकडं बघून, "तू पण चल गं."

दुकान अरुंद होतं. बाहेर छतापासून जमिनीपर्यंत गाऊन टांगलेले होते. आत काउंटरमागच्या लाकडी कप्प्यांवर मालाची नावं रंगवलेली होती. परकर. ब्लाउज पीस. नाईट गाऊन. मोठी आई गादीवर बसली, पर्स मांडीवर ठेवली आणि एखाद्या कार्यालयात अर्ज द्यावा तशा आवाजात म्हणाली, "डे-गाऊन दाखवा."

मी जमिनीकडं बघितलं. आता दुकानदार हसणार, "डे-गाऊन म्हणजे काय मावशी" असं विचारणार आणि सगळं उलगडणार. मी घातलेली खोटी वीट निघणार आणि सगळी भिंत येणार खाली.

दुकानदाराची पापणीही हलली नाही.

"दाखवतो ना, मावशी. सुती का होजियरी?"

"सुती. जर्मनीचा असतो तसा."

"जर्मनी पॅटर्न कालच आला. कालच पेटी फोडली." तो मागं वळला आणि 'नाईट गाऊन' लिहिलेल्या कप्प्यातून एक गठ्ठा काढून त्यानं गादीवर पसरला. पातळ, सुती, कोऱ्या कापडाचा वास. बारीक निळी फुलंही होती त्यात.

मोठ्या आईनं वर त्या कप्प्याकडं बघितलं. तिचं शिक्षण मराठी शाळेतलं, अक्षरं अंगठ्याएवढी मोठी. तिनं ती वाचली हे मी पाहिलं. मग तिनं नजर खाली आणली आणि गाऊन उजेडात धरून कापड तपासलं.

"खिसा आहे का?"

"दोन्हीकडं आहे, मावशी. डे-गाऊनला असतोच खिसा."

"चार द्या."

"दोघींना वेगवेगळे रंग देऊ का सारखे?"

"सारखे," आई आणि मोठी आई एकदमच म्हणाल्या.

"जावा आहोत आम्ही," मोठी आई म्हणाली.

"मग सारखेच लागतील," दुकानदार गंभीरपणे म्हणाला.

बिल करताना मोठी आई काउंटरवर झुकली. "बिलावर नीट लिहा. डे-गाऊन. अक्षर चांगलं काढा, घरी दाखवायचंय."

संध्याकाळी मोठ्या काकांनी चौथ्या खिशातून चष्मा काढून बिल वाचलं. "डे-गाऊन, चार नग." त्यांनी मोठ्या आईकडं बघितलं. "आता इथंबी मिळायले का?"

"जर्मनी पॅटर्न आहे," ती म्हणाली.

"चार कशाला?"

"दोन हिला, दोन मला."

मोठ्या काकांनी बिलाची घडी घातली. ते काहीतरी म्हणतील असं वाटत होतं. पण कागदावर लिहिलेलं होतं आणि खाली दुकानाचा शिक्का होता. त्यांनी उठून ते बिल घरपट्टीच्या फायलीत लावलं. वडिलांनी पेपरचं पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता आमच्या फाटकात दोन गाऊन उभे होते. एक जण भाव करत होती आणि एक भेंडीची टोकं मोडून बघत होती. मोठी आई ओढणी इतकी घट्ट गुंडाळून होती की खालचा गाऊन दिसावा कसा हा प्रश्नच होता, पण तो होता. आईचे दोन्ही हात खिशात होते.

नोव्हेंबरात कंपनीनं मला पुन्हा पाठवायचं ठरवलं. निघायच्या आदल्या दिवशी पाण्याचा दिवस होता. मी मोरीत बादल्या भरत होते. मागं चाहूल लागली म्हणून वळले तर मोठे काका. ते मोरीत कधी येत नाहीत. त्यांनी नळाकडं बघितलं आणि हात पुढं करून तो आणखी मोठा सोडला.

"तिकडं," ते म्हणाले, "पुरुषांसाठी असं काही असतं का? म्हंजे... डे-पायजमा वगैरे?"

"बघते, मोठे काका."

"नाडीचा असला तर बरं. पट्ट्यानं लई काचतं." एवढं बोलून ते गेले. जाताना नळ पहिल्यासारखा बारीक केला.

वर गेले तर आई माझी बॅग भरत होती. जर्मनीचा गाऊन, धुऊन इस्त्री केलेला, तिनं स्वेटरांच्या वर ठेवला होता. फुलं विटली होती आणि गळ्याजवळचं कापड झिजून पातळ झालं होतं.

"हा कशाला?" मी विचारलं.

"तिकडं थंडी असेल. तुला होईल." तिनं त्याची बाही सारखी केली. "झोपताना घाल. झोपतानाच घालायचा असतो ना तो?"

"तुला माहीत होतं?"

"कापडाला हात लावला की कळतं गं." खालून भाजीवाल्याची हाळी आली. तिनं बॅगेची चेन ओढली, ओढणी खांद्यावर टाकली आणि खिशातल्या पिशवीची घडी उलगडत ती जिना उतरून गेली.